राज्य माहिती आयोग, द्वितीय अपील आणि तक्रार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहिती अधिकार कायद्याखालील अर्ज कसा लिहावा यावर मराठीत भरपूर मजकूर उपलब्ध आहे. आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे मात्र त्याच्या पुढच्या टप्प्याची असतात: अर्ज झाला, पहिले अपील झाले, माहिती मिळालेली नाही, आता आयोगाकडे जायचे म्हणजे काय करायचे आणि तिथून काय मिळेल. तेच तेच प्रश्न पुन्हा येत असल्यामुळे त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्र राज्य माहिती आयोगाला धरून आहे. कायदा केंद्राचा असल्यामुळे त्यातील बरेचसे इतर राज्यांनाही लागू पडते.

१. राज्य माहिती आयोग हे सरकारचेच एक खाते आहे का?

नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १५ खाली स्थापन झालेली ती वैधानिक संस्था आहे. हा अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. आयोगात एक राज्य मुख्य माहिती आयुक्त आणि आवश्यकतेप्रमाणे जास्तीत जास्त दहा राज्य माहिती आयुक्त असू शकतात. इतर कोणत्याही प्राधिकरणाच्या निदेशांच्या अधीन न राहता आयोगाचे कामकाज चालवले जाईल, असे कलम १५(४) मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे एखाद्या प्रकरणात काय निर्णय द्यावा हे मंत्री, सचिव किंवा सामान्य प्रशासन विभाग आयुक्तांना सांगू शकत नाही. तरीही निवडणूक आयोगासारखी ही संस्था संविधानात नमूद केलेली नाही. संसदेने ती कायद्याने निर्माण केली आहे आणि संसद तिच्या अटी बदलू शकते. २०१९ साली तसे घडलेही (प्रश्न ४ पाहा).

२. कार्यालयाचा अनुभव वाईट आहे. अर्ज थेट आयोगाकडेच पाठवला तर चालेल का?

माहिती हवी असेल तर चालणार नाही. आयोग माहितीचा साठा बाळगत नाही. ज्याच्याकडे ती आहे त्याने ती कायद्याप्रमाणे दिली की नाही, एवढेच तो तपासतो. म्हणून आधी संबंधित कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. माहिती एखाद्याच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तास. उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, पहिले अपील करायचे. त्याने ३० दिवसांत, आणि लेखी कारणे देऊन फार तर ४५ दिवसांत, निर्णय द्यायचा असतो. त्यानंतरच द्वितीय अपील घेऊन आयोगाचे दार ठोठावता येते. मधली पायरी टाळता येते ती फक्त तक्रारीत, पण तक्रारीतून वेगळेच काही मिळते. त्यासाठी प्रश्न ६ अवश्य वाचावा.

३. माझे प्रकरण मुंबईच्या आयोगाकडे जाईल की दिल्लीच्या?

माहिती कोणत्या सरकारच्या कार्यालयाकडे आहे, यावर ते ठरते. तलाठी, ग्रामपंचायत, महानगरपालिका, जिल्हा परिषद, पोलीस ठाणे, राज्याची विद्यापीठे, महावितरण, एसटी महामंडळ यांची प्रकरणे राज्य आयोगाकडे जातात. रेल्वे, टपाल, आयकर, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँका, भविष्य निर्वाह निधी यांची प्रकरणे, कार्यालय आपल्या गल्लीत असले तरी, केंद्रीय माहिती आयोगाकडे जातात. महाराष्ट्राच्या आयोगाचे मुख्यालय मुंबईत असून बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अमरावती अशी खंडपीठे आहेत. कोणता जिल्हा कोणाकडे हे साधारणपणे महसुली विभागांवरून ठरते. गोव्यासाठी पणजीत स्वतंत्र आयोग आहे. गोव्याने १९९७ सालीच, म्हणजे केंद्राच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता.

४. आयुक्त कोण निवडते? सगळे निवृत्त सनदी अधिकारीच का असतात?

मुख्यमंत्री, विधानसभेतील विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्र्यांनी नामनिर्देशित केलेला एक कॅबिनेट मंत्री अशा तिघांच्या समितीच्या शिफारशीवरून राज्यपाल नियुक्ती करतात. विरोधी पक्षनेतेपद मान्य झालेले नसेल तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाच्या नेत्याला ते स्थान मिळते. तिघांपैकी दोघे सरकार पक्षाचे असतात, हे गणित कायद्यातच बसलेले आहे.

पात्रतेच्या कलमात कायदा, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे आणि प्रशासन अशी क्षेत्रे दिलेली आहेत, म्हणजे प्रशासन हे त्यांपैकी केवळ एक आहे. पुण्याच्या खंडपीठावर सुरुवातीच्या काळात विजय कुवळेकर यांच्यासारखे संपादक आयुक्त होते. परंतु निवृत्त अधिकाऱ्यांचे पारडे जड राहिले ही वस्तुस्थिती आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या एकसुरीपणावर बोट ठेवले आणि पदे रिकामी होण्याच्या एक-दोन महिने आधीच जाहिरात देऊन प्रक्रिया सुरू करावी, असे सांगितले. आयुक्त आमदार, खासदार किंवा राजकीय पक्षाशी संबंधित असू शकत नाही आणि त्याला अन्य व्यवसायही करता येत नाही.

मूळ कायद्यात आयुक्तांची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे, यांपैकी जे आधी होईल ती होती. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत व वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला, अगदी राज्यांच्या आयुक्तांबाबतही. आणि त्याच वर्षीच्या नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. वयाची मर्यादा ६५ च राहिली.

५. मग आयोगाला स्वतंत्र म्हणायचे तरी कशाच्या जोरावर?

निकाल देण्यापुरते स्वातंत्र्य भक्कम आहे. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेच्या कारणावरून आयुक्ताला काढायचे असेल तर राज्यपालांना प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावे लागते आणि न्यायालयाच्या चौकशीत आरोप सिद्ध व्हावा लागतो. दिवाळखोरी, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा अशा मोजक्या कारणांसाठीच ही वाट सोडता येते. चौकशी करताना आयोगाला समन्स काढणे, शपथेवर साक्ष घेणे, कागदपत्रे हजर करायला लावणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात आणि कितीही गोपनीय कागद असला तरी तो आयोगापासून लपवता येत नाही.

उणीव आहे ती दुसरीकडे. आयोगाला कर्मचारी देणारे राज्य सरकार, निधी देणारे राज्य सरकार, रिकामी पदे भरणारेही राज्य सरकार. आणि आयोगासमोर उत्तरार्थी म्हणून उभे राहणाऱ्यांत सर्वाधिक संख्याही त्याच सरकारच्या कार्यालयांची. आयुक्तावर दबाव आणण्याची गरजच पडत नाही, खुर्ची रिकामी ठेवली की पुरते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे जे चित्र आले, त्यात महाराष्ट्राचा आयोग मुख्य आयुक्तांविना चालत होता आणि प्रलंबित प्रकरणांची संख्या १,१५,००० च्या पुढे गेली होती. आमच्या मते स्वातंत्र्याची खरी कसोटी निकालपत्रात नसून या रिक्त पदांच्या तक्त्यात आहे.

६. द्वितीय अपील करावे की तक्रार? दोन्ही एकच नाही का?

सर्वांत जास्त नुकसान याच गोंधळामुळे होते. अपील कलम १९ खाली असते आणि तक्रार कलम १८ खाली. अपिलात आयोग कार्यालयाला माहिती देण्याचा आदेश देऊ शकतो, नुकसानभरपाई मंजूर करू शकतो आणि अधिकाऱ्याला शास्तीही (दंडही) लावू शकतो. तक्रारीत तो अधिकाऱ्याच्या वागणुकीची चौकशी करतो: अर्ज घेण्यास नकार दिला, माहिती अधिकारीच नेमलेला नव्हता, मुदतीत उत्तर दिले नाही, अवाजवी शुल्क मागितले, अपुरी किंवा खोटी माहिती दिली. १२ डिसेंबर २०११ रोजी मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कलम १८ च्या तक्रारीवर आयोगाला माहिती देण्याचा आदेश देता येत नाही. शास्ती लावता येते, पण माहिती मिळवण्याचा मार्ग अपिलाचाच आहे.

यातून व्यवहारात एवढेच निघते की कागद हवा असेल तर अपील करावे, आणि कागद हातात आलेला असून अधिकाऱ्याने केलेल्या विलंबाचा किंवा खोटेपणाचा जाब हवा असेल तर तक्रार करावी. दोन्ही करण्यास मनाई नाही, मात्र ती स्वतंत्र कागदांवर करावीत. “अपील तथा तक्रार” असे एकत्रित शीर्षक दिलेल्या अर्जाचे पुढे काय होईल, हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

७. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने निर्णयच दिला नाही. द्वितीय अपिलाचे ९० दिवस कधीपासून मोजायचे?

निर्णय मिळाला असेल तर तो प्रत्यक्ष हाती पडल्याच्या तारखेपासून; मिळाला नसेल तर तो ज्या तारखेपर्यंत द्यायला हवा होता तिथपासून. मुदतवाढीचे पत्र आलेले नसेल तर पहिले अपील पोचल्यापासून ३० दिवस संपताच मोजणी सुरू झाली असे धरणे सुरक्षित आहे. “सुनावणीची नोटीस येईल” या आशेवर सहा-आठ महिने थांबणारे अर्जदार आम्हाला दर आठवड्याला लिहितात. ९० दिवस उलटले असतील तर पुरेसे कारण दाखवून विलंब माफ करण्याची विनंती करता येते आणि ती मान्य करणे आयोगाच्या अधिकारात आहे. आजारपण, चुकीचा पत्ता, उशिरा मिळालेला आदेश यांचे पुरावे सोबत लावावेत. तक्रारीसाठी मात्र अधिनियमात अशी मुदत सांगितलेली नाही.

८. द्वितीय अपिलासोबत काय काय जोडावे? शुल्क किती?

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे द्वितीय अपील जोडपत्र ‘क’ मध्ये करायचे असते (अर्ज ‘अ’ मध्ये, पहिले अपील ‘ब’ मध्ये) आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो. मूळ अर्ज, त्याची पोच, उत्तर आले असल्यास ते, पहिले अपील, त्याची पोच आणि त्यावरील आदेश यांच्या प्रती तारखांच्या क्रमाने लावाव्यात. यांतील सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पोच. ती नसेल तर मुदत केव्हा सुरू झाली हेच सिद्ध होत नाही आणि शास्तीची मागणी तिथेच लंगडी पडते. केंद्रीय आयोगाकडील अपिलाला शुल्क लागत नाही.

९. अपील दाखल होऊन दीड वर्ष झाले. सुनावणी कधी?

प्रथम अपिलाला मुदत आहे, द्वितीय अपिलाला नाही. कायद्यातील ही सर्वांत महागात पडलेली पोकळी आहे. प्रकरणे साधारणपणे दाखल झाल्याच्या क्रमाने घेतली जातात, त्यामुळे खंडपीठावर आयुक्त नसेल तर तिथली रांग पुढे सरकत नाही. विषय जीविताशी, निवृत्तिवेतनाशी, सुरू असलेल्या प्रवेश प्रक्रियेशी किंवा पाडकामाच्या आदेशाशी संबंधित असेल तर त्याचा पुरावा जोडून लवकर सुनावणीचा स्वतंत्र अर्ज करावा. नुसते स्मरणपत्र पाठवून फारसे काही होत नाही. दरम्यान, त्याच माहितीपैकी जो भाग स्वतंत्रपणे मागता येईल तो नव्या, नेमक्या अर्जाने मागण्यास हरकत नाही; अनेकदा अधिकारी बदललेला असतो आणि महिन्याभरात कागद मिळूनही जातो.

१०. सुनावणीत काय होते? वकील लागतो का? मुंबईला जावे लागेल का?

वकील लागत नाही. अपिलार्थी, जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांना नोटीस जाते. आयुक्त अर्ज वाचतात, काय दिले आणि काय दिले नाही हे विचारतात, आणि बहुतेक सुनावण्या काही मिनिटांतच संपतात. म्हणून आपले म्हणणे एका पानावर तक्त्याच्या रूपात न्यावे: मुद्दा क्रमांक, मागितलेली माहिती, मिळालेले उत्तर, त्रुटी. कार्यालयाच्या भ्रष्टाचाराचा इतिहास सांगण्यात वेळ गेला की नेमका तिसऱ्या मुद्द्याचा कागद मागायचा राहून जातो.

एक गोष्ट अर्जदारांच्या बाजूची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते: माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने जन माहिती अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. माहिती कशासाठी हवी आहे, हे सांगण्याची गरज अर्जदाराला नाही. “गोपनीय आहे” एवढे म्हणून अधिकाऱ्याला भागत नाही. कोणत्या कलमाचा कोणता खंड आणि तो या कागदाला कसा लागू होतो, हे त्याने दाखवायचे असते. तपास चालू आहे म्हणून माहिती देता येत नाही, या उत्तरालाही हेच लागू आहे. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे सांगावे लागते.

प्रत्यक्ष हजर राहणे शक्य नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निदेशांनुसार सर्व आयोगांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीचा पर्याय उपलब्ध करून द्यायचा आहे. नोटीस मिळताच तशी लेखी मागणी करावी.

११. २५,००० रुपयांचा दंड लागला तर ती रक्कम मला मिळते का?

नाही. शास्ती आणि नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्ती दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये, म्हणजे शंभर दिवसांच्या विलंबाला कमाल मर्यादा गाठली जाते. ती अधिकाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायची असते आणि शासनाच्या तिजोरीत जमा होते. नुकसानभरपाई कलम १९(८)(ख) खाली अर्जदाराला मिळते. ती कार्यालयाने द्यायची असते आणि त्यासाठी माहिती न मिळाल्याने प्रत्यक्ष काय हानी झाली, हे अर्जदाराला दाखवावे लागते. वेळेत उतारा न मिळाल्याने हुकलेली मुदत, पुन्हा पुन्हा केलेला प्रवास, भरावे लागलेले व्याज यांचे कागद असतील तर ही मागणी अपिलातच स्पष्ट लिहावी. तोंडी केलेल्या मागणीचा उपयोग होत नाही.

शास्तीआधी अधिकाऱ्याला बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शिस्तभंगाची शिफारस रद्द केली, कारण आयोगाने अधिकाऱ्याचे स्पष्टीकरण विचारात घेऊन कसूर झाल्याचा कारणांसह निष्कर्ष नोंदवलेला नव्हता. याचा अर्थ आयोगांनी शास्ती टाळावी असा होत नाही, पण तसा अर्थ लावला जातो. पुष्कळ आदेश “यापुढे दक्षता घ्यावी” या वाक्यावर थांबतात आणि कायद्याची भीती तिथेच ओसरते.

१२. माहिती अडवली प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने. त्याला दंड का नाही? आणि ज्याची बदली झाली त्याचे काय?

कलम २० मध्ये शास्ती फक्त माहिती अधिकाऱ्याला सांगितलेली आहे. प्रथम अपिलीय अधिकारी तिच्या कक्षेत येत नाही. आयोग त्याच्या वरिष्ठांना कळवू शकतो आणि आदेशात ताशेरे नोंदवू शकतो, इतकेच. ही कायद्यातील उघड त्रुटी आहे. दुसरीकडे, माहिती अधिकाऱ्याने ज्या सहकाऱ्याकडे लेखी मदत मागितली आणि ज्याने ती दिली नाही, तो कलम ५(५) नुसार त्यापुरता माहिती अधिकारी मानला जातो आणि त्याला शास्ती होऊ शकते. बदली किंवा निवृत्तीने आपल्या कार्यकाळातील विलंबाची जबाबदारी संपत नाही. म्हणून कोणत्या तारखांना कोण त्या पदावर होते, हे अपिलात लिहावे.

१३. “रस्ता दोन वर्षांत का उखडला?” असे विचारले तर “माहितीच्या व्याख्येत बसत नाही” असे उत्तर आले. आयोग न्याय देईल का?

बहुधा नाही, आणि इथे कार्यालयाची बाजू कायदेशीरदृष्ट्या बरोबर आहे. गोव्यातील एका प्रकरणात २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हटले की, “का” या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे एखाद्या कृतीचे समर्थन, ही माहिती नव्हे. २०११ च्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितले की, कार्यालयाकडे जे अस्तित्वात आहे ते द्यायचे. नव्याने तयार करून किंवा संकलित करून देण्याचे बंधन नाही.

त्याच रस्त्याबद्दल कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेली देयके, गुणवत्ता चाचणीचे अहवाल आणि दोषदायित्व कालावधीची अट असलेले करारपत्र मागितले तर हे सगळे अस्तित्वात असलेले कागद आहेत, आणि “का” चे उत्तर त्यांतून आपोआप मिळते. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवावी. रस्ता दुरुस्त करा, अतिक्रमण काढा, ठेकेदारावर गुन्हा नोंदवा असे आदेश आयोग देऊ शकत नाही. ती दाद अन्यत्र मागायची. आयोगाकडून मिळालेला कागद तिथे उपयोगी पडतो.

१४. “नस्ती (फाइल) सापडत नाही” हे उत्तर आयोग मान्य करतो का?

करू नये. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये आहेत. “गहाळ” हे कारण त्यांत नाही. आयोग शोधमोहीम, जबाबदारी निश्चिती आणि नस्तीची पुनर्बांधणी यांचे आदेश देऊ शकतो. २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशा चौकशीचा अधिकार मान्य केलेला आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेखांबाबतच्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे.

असे उत्तर आले की आम्ही दुसरा अर्ज सुचवतो: आवक-जावक नोंदवहीचे संबंधित पान, अभिलेख कक्षात नस्ती जमा केल्याची नोंद, तिची अ, ब, क, ड यांपैकी वर्गवारी आणि ती नष्ट केली असल्यास नाश केल्याचा आदेश. ‘अ’ वर्गाची नस्ती कायम जपायची असते. हा अर्ज पोचल्यावर हरवलेली नस्ती सापडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे.

१५. आमची गृहनिर्माण संस्था किंवा साखर कारखाना माहिती देत नाही. आयोग काही करेल का?

थेट नाही, सहसा. थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या केरळमधील प्रकरणात ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, केवळ सहकार कायद्याखाली नोंदणी आणि निबंधकाची देखरेख यांमुळे संस्था सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे हा कायदा लागू असलेली संस्था, ठरत नाही. शासनाचे भरीव अर्थसाहाय्य किंवा खरेखुरे नियंत्रण असावे लागते. अनुदानित शाळा त्या अर्थसाहाय्यामुळे कायद्यात येतात, सामान्य गृहनिर्माण संस्था येत नाही.

वाट बंद मात्र नाही. निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते ती कलम २(च) मधील माहितीच्या व्याख्येत येते. त्यामुळे अर्ज उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करावा: लेखापरीक्षण अहवाल, निवडणुकीचे कागद, चौकशीचे आदेश. त्यांनी “संस्थेकडे विचारा” असे उत्तर दिले तर त्याविरुद्ध अपील होते आणि ते आयोगापुढे टिकण्यासारखे असते. सभासद असाल तर सहकार कायद्याखाली कागद पाहण्याचा वेगळा हक्कही आहे. तो अनेकदा जलद ठरतो.

१६. “व्यक्तिगत माहिती” म्हणून नकार आला. आता कायदा बदलला असे म्हणतात, ते खरे का?

खरे आहे. कलम ८(१)(ञ), ज्याला कार्यालयांत सर्रास “आठ एक जे” म्हणतात, पूर्वी अशा व्यक्तिगत माहितीपुरते होते जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जिच्यामुळे खासगीपणावर अनावश्यक आक्रमण होते. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे परंतुकही त्याला जोडलेले होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमाने हे सगळे काढून नुसते “व्यक्तिगत माहिती” एवढेच शब्द ठेवले आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली.

आता आधार उरतो तो कलम ८(२) चा. माहिती प्रकट करण्यातील सार्वजनिक हित संरक्षित हितापेक्षा मोठे असेल तर सूट असूनही माहिती देता येते. ही तरतूद कायम आहे, म्हणून अपिलात सार्वजनिक हित मोघम न ठेवता उलगडून लिहावे: मस्टरवरील नावे नसतील तर बनावट मजूर कसे ओळखायचे, लाभार्थ्यांची यादी नसेल तर अपात्र व्यक्तीला घरकुल मिळाले हे कसे कळायचे. आयोगाच्या कामाचा मोठा भाग पुढील काही वर्षे या एका उपकलमाभोवती फिरेल, असे आम्हाला वाटते.

१७. पोलिसांच्या काही शाखांना कायदाच लागू नाही, असे उत्तर आले. मग आयोगाचा तिथे काहीच अधिकार नाही का?

कलम २४(४) खाली राज्य सरकार गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांना अधिसूचनेद्वारे वगळू शकते. परंतु भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांशी संबंधित माहितीला ही सूट नाही. मानवी हक्कभंगाच्या बाबतीत माहिती आयोगाच्या मान्यतेने आणि ४५ दिवसांत द्यायची असते. साधे पोलीस ठाणे या सवलतीत बसत नाही. अधिसूचनेचा क्रमांक आणि दिनांक मागितला की पुष्कळदा सूर बदलतो.

१८. आयोगाचा आदेश आला, तरी कार्यालय माहिती देत नाही. किंवा आयोगानेच अपील फेटाळले. आता?

कलम १९(७) नुसार आयोगाचा निर्णय बंधनकारक आहे. कार्यालयाने मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका केली एवढ्याने आदेश थांबत नाही. स्थगिती मिळाली असेल तरच थांबतो, आणि स्थगितीची प्रत मागण्याचा अर्जदाराला अधिकार आहे. आदेशातील मुदत संपल्यावर अनुपालन न झाल्याची तक्रार त्याच खंडपीठाकडे आदेशाची प्रत जोडून करावी. न्यायालयासारखी अवमानाची कारवाई आयोगाला करता येत नाही, हा त्याचा दुबळा भाग. त्यामुळे अखेरचा उपाय उच्च न्यायालयच ठरतो.

अपील फेटाळले गेले असेल तर तिसरे अपील नाही. दिवाणी न्यायालयात जाण्यास कलम २३ ने बंदी आहे, पण संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार अबाधित आहे. आयोगाला स्वतःच्या निकालाचे पुनर्विलोकन करण्याचा अधिकार अधिनियमाने दिलेला नाही. लेखनातील चूक दुरुस्त करून घेता येते, पण “पुन्हा ऐकून घ्या” ही विनंती सहसा टिकत नाही.

१९. कोणी अर्जच केला नाही, तर कार्यालयांवर आयोगाचे लक्ष असते का?

असायला हवे. कलम ४ प्रमाणे कार्यालयांनी आपली रचना, अंदाजपत्रक, योजनांचे लाभार्थी आदी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या अंमलबजावणीवर माहिती आयोगांनी सातत्याने देखरेख ठेवावी, असा निदेश दिला. आयोगाचा वार्षिक अहवालही विधिमंडळापुढे ठेवायचा असतो; त्यात किती अर्ज आले, किती नाकारले आणि कोणती कलमे वापरली, याचे आकडे असतात. आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कार्यालयाने कलम ४ ची माहिती प्रसिद्धच केलेली नसेल, तर तेवढ्या एका मुद्द्यावरही तक्रार करता येते.

२०. मी परदेशात राहतो. मला द्वितीय अपील करता येईल का?

भारतीय पारपत्र असेल तर होय. अधिकार नागरिकाला आहे आणि तो कुठे राहतो याने फरक पडत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या, केवळ ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलेल्या व्यक्तीला कलम ३ खाली हा अधिकार नाही. गावच्या जमिनीच्या फेरफाराबद्दल अशी विचारणा वारंवार येते. तिथे भारतात राहणाऱ्या नागरिक नातेवाइकाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, कारण पुढची सर्व अपिलेही त्याच नावाने चालतात.

२१. माहिती आयोगाकडूनच माहिती मागता येते का?

येते. आयोग स्वतःही सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि त्याच्याकडे जन माहिती अधिकारी तसेच प्रथम अपिलीय अधिकारी असतात. किती प्रकरणे प्रलंबित आहेत, शास्तीच्या किती रकमेची वसुली झाली, आपले अपील कोणत्या क्रमांकावर आहे, हे सर्व तिथे विचारता येते. त्यांच्या उत्तरावर समाधान झाले नाही तर द्वितीय अपील पुन्हा आयोगापुढेच जाते. कायद्याने त्यासाठी वेगळे व्यासपीठ ठेवलेले नाही.